नवी क्रूझर, ४१२ किलोमीटर: ३० च्या स्पीडला थरथर आणि हेलकावे. हे नॉर्मल आहे का?

रंकाळाकाठ
रविवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसता वाचक होतो. आज पहिल्यांदा धागा काढतोय, तोही रडगाणं घेऊन.

दसऱ्याला गाडी घेतली. ३५० सीसीची सिंगल सिलिंडर क्रूझर, पाच गिअर, फ्युएल इंजेक्शन. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धाग्याचा आखाडा होईल. याआधी अकरा वर्षं ११० सीसीची गाडी चालवली, मोठ्या गाडीचा अनुभव शून्य. आज मीटरवर ४१२ किलोमीटर आहेत.

कोल्हापुरात, म्हणजे गंगावेशीतून पापाच्या तिकटीकडं जाताना किंवा लक्ष्मीपुरीत, २५-३५ च्या स्पीडला गाडी थरथरते. फूटरेस्टमधून पोटऱ्यांपर्यंत मुंग्या येतात. आरशात मागची केएमटी बस एकाच्या दोन दिसतात. साठाच्या पुढं गेलं की एकदम लोणी.

दुसरी तक्रार काल कळली. पन्हाळ्याला निघालो होतो. शिवाजी पूल ओलांडला आणि वडणगे फाट्यापासून केर्लीपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. दोन ट्रॉल्या, समोरून वाहतूक, ओव्हरटेकला जागा नाही. सेकंड गिअर, मधेच थर्ड. ॲक्सिलेटर एका जागी धरलाय, हात हलवत नाही, तरी गाडी ओढते, सोडते, ओढते, सोडते. मागं बसलेल्या बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टकटक आपटत होतं. वाघबीळला चहाला थांबलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जुनी विकली नाहीस ना अजून?"

सर्व्हिस सेंटरला दाखवली. ॲडव्हायजरनं गेटपासून चौकापर्यंत एक फेरी मारली. "नवीन इंजिन आहे सर, हजार किलोमीटरनंतर सेट होईल." स्कॅनर लावला, एरर कोड नाही.

गाडी पूर्ण स्टॉक आहे. म्हणजे कंपनीतून आली तशीच. कुणाला असा अनुभव?


कटवडा
रविवार, रात्री १०:३१

भावा, आधी अभिनंदन! पेढं कुठं हायत?

सिंगल सिलिंडर हाय, थरथरणारच की. एक टाकी प्रीमियम पेट्रोल भर, इरिडियमचा प्लग टाक, आणि हायवेला तावडे हॉटेलपासनं कागलपर्यंत एकदा मोकळी सोड. जाळ आणि धूर संगटच!


दोनचाकी_पुणेकर
रविवार, रात्री ११:०५

बीएस-६ चे प्रदूषण नियम आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, सगळ्याच गाड्यांचं मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय. कमी स्पीडला हेलकावे खाणारच. बाजारात फ्युएल कंट्रोलर मिळतो, तो बसवा, पेट्रोल थोडं वाढवा, प्रश्न संपला. आमच्याकडे सगळे तेच करतात.


कटवडा
रविवार, रात्री ११:०९

तुमच्याकडं सगळे दुपारी झोपत्यात पण. ते बी करू काय?


ऊसवाला_कागल
सोमवार, सकाळी ६:४०

ट्रॅक्टरवाल्यांच्या वतीनं माफी. सीझन आहे, इलाज नाही.

माझ्याकडं अशीच ३५० ची गाडी आहे, दोन वर्षं झाली. सुरवातीला मलाही वाटायचं की गाडीत खोट आहे. खोट माझ्या डाव्या पायात होती. शंभर सीसीच्या गाडीवर आपण ३० ला टॉप टाकतो, ती सवय. या गाडीत ३० ला चौथा टाकलास तर ती कुरकुरणारच. मी सेकंड ३० पर्यंत ओढतो, थर्ड ४५ पर्यंत, चौथा साठाच्या आसपास आणि टॉप त्याच्या पुढं. हे करून बघ, फुकट आहे.

पण तू म्हणतोस की सेकंडलापण गाडी झुलते. ते माझ्या गाडीत नव्हतं.


घाटवाट
सोमवार, सकाळी ९:१५

चेन बघितलीस का? नव्या गाडीची चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ताणते आणि लोंबायला लागते. ढिली चेन, मागच्या चाकातली रबरं आणि गिअरमधली फट हे सगळं मिळून कमी स्पीडला हिसका मोठा करतं. इंजिन जरासं ओढतं, चेन ताणते, टक्. सोडतं, चेन सैल पडते, परत टक्. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये खालच्या बाजूला मधोमध बोटानं वरखाली करून २० ते ३० मिलिमीटर दिलंय, तुझ्या मॅन्युअलमध्ये बघ. आणि एकाच जागी मोजू नकोस. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोज, एखाद्या जागी चेन घट्ट लागते.

आणि तो "सेट होईल" म्हणाला ते जॉब कार्डवर लिहून घेतलंस का? नसेल तर पहिल्या सर्व्हिसला स्वतःच्या शब्दांत तक्रार लिहायला लाव आणि कॉपी घे. तोंडी सांगितलेलं पुढं कुणालाच आठवत नाही.


लेथवरचा_माणूस
सोमवार, दुपारी १:५०

धागा सकाळपासून दोनदा वाचला. उद्यमनगरात ३४ वर्षं लेथ आणि बोअरिंगवर काढली. डोळ्यांनी आता साथ सोडलीय, पण कान शाबूत आहेत.

बाळा, तू एकाच चिठ्ठीवर दोन रोग लिहिलेस. थरथर वेगळी, हेलकावे वेगळे. आधी ते सुटे करू.

चार स्ट्रोकच्या सिंगल सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. १२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांना, मिनिटाला ६०० म्हणजे सेकंदाला १० धक्के. हे अंगाला सुटेसुटे जाणवतात. ३६०० ला सेकंदाला ३० होतात आणि एकमेकांत मिसळून जातात. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात गाडी ओढायचं काम फ्लायव्हीलचं, म्हणजे क्रँकवरच्या जड चाकाचं. विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन आठव. दोन्ही बाजूंना मणामणाची चाकं, म्हणून ते टुकटुक करत निवांत चालायचं. जुन्या ३४६ सीसी बुलेटचंही तेच, ७० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० चा स्ट्रोक (पिस्टनची चाल) आणि जड फ्लायव्हील. आताच्या गाड्यांना चटकन पिकअप पाहिजे, म्हणून फिरणारं वजन कमी केलं. मग अगदी खालच्या आरपीएमला ती गदगदणार. त्यावर कागलकरांनी सांगितलेला उपाय बरोबर आहे, गिअर खाली टाकायचा.

शोरूमवाला सांगतो, बॅलन्सर शाफ्ट आहे, थरथर नाही. बॅलन्सर क्रँकच्या उलट फिरून पिस्टनच्या वरखाली होण्याचा धक्का जिरवतो. तो धक्का आरपीएमच्या वर्गानं वाढतो. १५०० ला जेवढा, त्याच्या चौपट ३००० ला. म्हणजे बॅलन्सरची खरी कमाई वर आहे. खाली जे जाणवतं तो स्फोटाचा धक्का, त्यावर बॅलन्सरकडं औषध नाही.

आता मला काय खटकलं ते. तू लिहिलंस मुंग्या येतात. सेकंदाला १०-१५ धक्क्यांनी अंग हलेल, आरसा हलेल, पण मुंग्या येणार नाहीत. मुंग्या बारीक आणि वेगवान कंपनाच्या असतात. म्हणजे इंजिनच्या त्या धक्क्यांनी कुठलातरी पत्रा, नळी नाहीतर ढिला बोल्ट आपल्याच सुरात वाजायला लागलाय. ते इंजिनचं दुखणं नव्हे.

तीन कामं कर आणि जसं दिसेल तसं लिही, अंदाज नको.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलला. आयडलपासून अगदी सावकाश रेस वाढव. थरथर कुठं सुरू होते, कुठं संपते ते बघ. त्या जागी रेस धरून बायकोला सांग, एकेका भागावर तळहात ठेवून बघ म्हणावं. टाकी, फूटरेस्ट, नंबरप्लेट, आरसे, सायलेन्सरची पट्टी. सायलेन्सरला हात लावू नका, पट्टीलाही गाडी गार असतानाच.

मोकळ्या रस्त्यावर थर्डला ३० ला ती थरथरत असताना क्लच दाब आणि रेस तेवढीच धर. थरथर राहिली तर इंजिन किंवा इंजिन जिथं फ्रेमला धरलंय ती जागा. गेली तर चेन, चाक, रबर.

तिसरं, गाडी उभी, इंजिन चालू, ॲक्सिलेटरला हात न लावता हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं वळव. आवाज बदलतो का ते ऐक.


कटवडा
सोमवार, दुपारी २:०४

काका, म्हादबा मेस्त्रींसारख्या नामी कारागिराच्या गावात राहतोय ह्याचा आज अभिमान वाटला. प्रीमियम पेट्रोलचं मागं घेतो.


इंजेक्टर_१४७
सोमवार, रात्री ९:२०

मूळ इचलकरंजीचा, सध्या इंजिन कॅलिब्रेशनचंच काम करतो, म्हणून दोन ओळी.

प्रीमियम पेट्रोलनं काही होणार नाही. प्रीमियम विकतात ते जास्त ऑक्टेनच्या नावावर. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला (पेट्रोल आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्याला) दिलेला विरोध, त्याचा हेलकाव्यांशी संबंध नाही. ज्या इंजिनाला ९१ चालतं, त्याला ९५ घालून ताकद येत नाही.

फ्युएल कंट्रोलरचं. गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे. तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्याप्रमाणे मिक्स्चर सतत कमीजास्त करत आदर्श प्रमाणाच्या आसपास ठेवतो. शुद्ध पेट्रोलला ते प्रमाण वजनानं १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. इथेनॉलला साधारण ९ ला १. म्हणून २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला ते साडेतेराच्या आसपास येतं. ईसीयूला हे सांभाळता येतं, तो त्यासाठीच आहे. तुम्ही बाहेरून पेट्रोल वाढवलंत की तो आतून कमी करणार. सेन्सर फसवला तर मायलेज गेलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) गेला आणि वॉरंटीही गेली. ४१२ किलोमीटरच्या गाडीला तर अजिबात नको.

पुणेकरांचं अर्धं बरोबर आहे. कमी थ्रॉटलला या गाड्या थोड्या कोरड्या वाटतात, कार्ब्युरेटरसारखी गुबगुबीत जाणीव नाही. पण सेकंड गिअरला हेल्मेटवर हेल्मेट आपटावं इतकी झुलत असेल तर ते नॉर्मल नाही.

काकांची तिसरी टेस्ट सगळ्यात आधी करा. कारण उत्तर आल्यावर सांगतो.


ऊसवाला_कागल
सोमवार, रात्री ९:४४

म्हणजे आमचाच ऊस, आमचंच इथेनॉल, आणि आमच्याच ट्रॅक्टरमागं गाडी झुलतेय. वर्तुळ पूर्ण झालं.


रंकाळाकाठ
मंगळवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. आज ऑफिसातून लवकर आलो आणि तिन्ही केलं. बायको आधी हसली, मग तिनंच सगळं नीट लिहून घेतलं.

पहिली टेस्ट. आयडलला काही नाही. रेस वाढवली की एका ठराविक जागी झर्र्र्र सुरू होतं, आणखी वाढवली की बंद. टाकी शांत. आरसे थोडे. फूटरेस्टला मुंग्या. आणि लेगगार्डला हात लावला तर तिनं झटक्यानं काढूनच घेतला, इतका तो थरथरत होता.

दुसरी. फुलेवाडीच्या पुढं बालिंग्याच्या रस्त्यावर केली. क्लच दाबला तरी थरथर तशीच.

तिसरी. उजवीकडं काही नाही. डावीकडं पूर्ण वळवल्यावर इंजिनचा आवाज चढला. आपोआप. परत सरळ केलं, उतरला. चार वेळा केलं, चारही वेळा.

चेन मोजली, तीन जागी २५, एका जागी २२. ती ठीक दिसतेय.


लेथवरचा_माणूस
मंगळवार, रात्री १०:५२

लेगगार्ड कंपनीनं बसवून दिलाय?


रंकाळाकाठ
मंगळवार, रात्री १०:५८

नाही काका, बाहेर बसवला. गाडी घेतल्यावर तिसऱ्या दिवशी. कंपनीचा महाग होता.


लेथवरचा_माणूस
मंगळवार, रात्री ११:०१

आणि हँडलला काय केलंय?


रंकाळाकाठ
मंगळवार, रात्री ११:१०

रायझर घातलेत. माझी कंबर धरते, हँडल जरा वर आणि जवळ पाहिजे होतं. त्याच दुकानात, त्याच दिवशी. अर्ध्या तासात दोन्ही करून दिलं.

मला वाटलं, ही ॲक्सेसरी आहे, इंजिनशी काय संबंध.


कटवडा
मंगळवार, रात्री ११:११

"गाडी पूर्ण स्टॉक आहे."


घाटवाट
मंगळवार, रात्री ११:१६

चेष्टा नंतर. रंकाळाकाठ, उद्या ही गाडी चालवू नकोस. खरंच.

हँडल डावीकडं वळवल्यावर रेस आपोआप चढते म्हणजे ॲक्सिलेटरची केबल ताणलीय. यू-टर्न घेताना, नाहीतर पन्हाळ्याच्या वळणावर हँडल वळवलंस आणि गाडी स्वतःहून पुढं उडाली तर? ही थरथरीची बाब राहिलेली नाही. रायझरनं हँडल वर गेलं की केबल, क्लच वायर आणि पुढच्या ब्रेकची नळी तिन्ही ताणल्या जातात. ब्रेकची नळीपण बघून घे, दोन्ही टोकांना हँडल वळवून. ताठ होत असेल तर आधी तेच काम.


इंजेक्टर_१४७
मंगळवार, रात्री ११:३५

घाटवाट ताईंशी पूर्ण सहमत. आता हेलकाव्यांचं कारण सांगतो.

ॲक्सिलेटर पूर्ण सोडला की थ्रॉटल बॉडीतली, इंजिनात जाणारी हवा अडवणारी चकती बंद होते, सेन्सर ईसीयूला सांगतो "बंद". त्यावेळी आरपीएम एका मर्यादेच्या वर असेल तर ईसीयू पेट्रोल तोडतो, कारण गाडी चाकांनीच इंजिन फिरवत असते. आरपीएम खाली आलं किंवा थ्रॉटल जरा उघडला की पेट्रोल परत चालू. हे सगळ्या इंजेक्शनच्या गाड्यांत असतं, निरोगी गाडीत ते फारसं कळत नाही.

ग्रिपला फिरवायला दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल असते, ती याचसाठी असते. केबल ताणलेली असेल तर ही मोकळी हालचाल शून्य. थ्रॉटल ठामपणे बंद होत नाही, बंद आणि उघडा यांच्या काठावर लटकतो. ट्रॅक्टरमागं २० च्या स्पीडला तुमचा हात नेमका त्याच काठावर. खड्डा आला, मनगट अर्धा मिलिमीटर हललं, पेट्रोल चालू. गाडीनं पुढं ओढलं, अंग मागं गेलं, हात मागं गेला, थ्रॉटल आणखी उघडला. मग गाडी सावरली, अंग पुढं आलं, थ्रॉटल बंद, पेट्रोल तुटलं. तुम्हाला वाटतंय हात स्थिर आहे, पण गाडीच तुमचा हात हलवतेय आणि हात गाडीला. मागं माणूस बसला की आणखी वाढतं.

हे स्कॅनरला दिसत नाही. सेन्सर खराब नाही, तो जे दिसतंय ते खरंच सांगतोय. म्हणून एरर कोड नव्हता.


दोनचाकी_पुणेकर
बुधवार, सकाळी ८:३०

हे मान्य. कंट्रोलरचा सल्ला या गाडीपुरता मागे. एकंदरीत माझं मत कायम आहे.


कटवडा
बुधवार, सकाळी ८:३३

एकंदरीत पुणेकर आहेत ते.


रंकाळाकाठ
गुरुवार, रात्री ९:५०

अपडेट. जरा लांब लिहितो, कारण आज बघितलेलं डोळ्यांसमोरून जात नाही.

काल गाडी हातही न लावता पार्किंगला ठेवली. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले, बाहेरची ॲक्सेसरी आहे, आधी ती काढून आणा. बरोबरच आहे त्यांचं, पण सांगायचा सूर असा की दोष गाडी घेतल्याचाच. मग आज दुपारी सुट्टी टाकली आणि शेजाऱ्याच्या पिकअपमधून गाडी उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडं नेली. नाव देत नाही, त्यांना गर्दी आवडत नाही.

त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. उकिडवं बसून बॅटरीच्या उजेडात लेगगार्ड जिथं इंजिनच्या पुढच्या बोल्टवर बसतो ती जागा बघितली. मला बोलावलं. कंपनीत बोल्ट आवळला की त्यावर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर मिळून एक पिवळी रेघ ओढतात. ती रेघ मधेच तुटली होती. बोल्टवरचा तुकडा वर, ब्रॅकेटवरचा खाली, दोघांच्यात चांगलं बोटभर अंतर. आणि लेगगार्डच्या पट्टीखाली रंग घासून चांदीसारखी चकाकी आलेली, कडेला काळी बारीक पूड. "हलतंय ते," एवढंच म्हणाले.

म्हणजे दुकानातल्या पोरानं इंजिनचा माऊंटिंग बोल्ट काढला, लेगगार्ड अडकवला आणि साध्या पान्यानं हाताच्या अंदाजानं आवळला. शिवाय पट्टी आणि ब्रॅकेट यांच्यात फट राहत होती, तिथं वॉशर पाहिजे होतं. ते न टाकता बोल्ट आवळून पट्टीच वाकवलेली. ताणलेला लोखंडी पाइप, एका टोकाला सैल. काका म्हणाले तसा तो आपल्या सुरात वाजत होता.

मिस्त्रींनी लेगगार्ड काढला, ब्रॅकेट पुसलं, मॅन्युअलमधला आकडा मला वाचायला लावला आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरावर कट्ट वाजणारा पाना, लावला. बोल्ट जवळजवळ पाऊण फेरी आत गेला, मग कट्ट. समोरच्या बाजूचाही तसाच. मग इंजिन चालू केलं, तीच रेस धरली. फूटरेस्ट शांत. मी तिथंच दोन मिनिटं पाय ठेवून उभा होतो.

केबलचं काम लवकर झालं. ॲडजस्टर पूर्ण आत होता, सैल करायला आटेच शिल्लक नव्हते. रायझर काढले, हँडल मूळ जागी. केबलला आपोआप ढील आली. मग १० नंबरच्या पान्यानं चेक नट सोडून ग्रिपला अडीच मिलिमीटर ठेवली. कंबरेसाठी त्यांनी हँडल क्लॅम्पमध्येच थोडं मागं फिरवून दिलं, आश्चर्य म्हणजे त्यानंही बरंच भागतंय. ब्रेकची नळी वाचली. क्लच वायरचं वेष्टण एका ठिकाणी घासलं होतं, ती बदलली.

संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारली, मग परत शिवाजी पुलावरून केर्लीपर्यंत गेलो. ट्रॅक्टर मिळाला (धन्यवाद कागलकर). सेकंडला १८-२० नं त्याच्या मागं बराच वेळ चाललो. झुलणं गेलं. पूर्ण शून्य म्हणणार नाही, थ्रॉटल एकदम सोडून परत उघडला की एक बारीक टक् येतो. थर्डला ३० च्या खाली अजून गदगदते, तेव्हा सेकंड टाकतो. ते माझ्या डाव्या पायाचं शिक्षण चालू आहे.


इंजेक्टर_१४७
गुरुवार, रात्री १०:०५

तो बारीक टक् चेन आणि गिअरमधली फट, राहणारच. थ्रॉटल सोडताना एकदम न सोडता जरासा धरून सोडा, कळणारही नाही.


लेथवरचा_माणूस
गुरुवार, रात्री १०:२०

मिस्त्रींना नमस्कार सांग. ५०० किलोमीटरनं ते दोन्ही बोल्ट परत बघून घे. नवीन रंगाच्या थरावर आवळलेला बोल्ट थोडा बसतो. आणि नवी रेघ ओढून ठेव, नेलपॉलिश चालतं.


घाटवाट
गुरुवार, रात्री १०:३२

लेगगार्डशिवाय फिरतोयस का आता? गाडी १८०-१९० किलोची असते, उभ्या-उभ्या पडली तरी इंजिनचं कव्हर फुटू शकतं. वॉशर घालून, टॉर्क रेंचनं परत बसव, नाहीतर कंपनीचा घे. आणि पहिल्या सर्व्हिसला रायझर लावला होता, काढला, बोल्ट सैल सापडला, हे जॉब कार्डवर खरं खरं लिही. उद्या काही निघालं तर लपवलेलं महागात जातं.


रंकाळाकाठ
गुरुवार, रात्री १०:४१

कंपनीचाच घेतोय ताई. दोन्ही मिळून आता दीड लेगगार्डचे पैसे झाले.

त्या दुकानात जाऊन आलो. मालकानं "इतक्या गाड्यांना लावलेत, कुणाची तक्रार नाही" म्हटलं. पिवळ्या रेघेचा फोटो दाखवला तर म्हणाला, ती रेघ कंपनीतच तशी येते. पुढं काही बोललो नाही. बायको बोलली, ते इथं लिहिता येणार नाही. रायझरचे पैसे परत मिळाले.


कटवडा
गुरुवार, रात्री १०:४४

वहिनींना मॉडरेटर करा.


ऊसवाला_कागल
शुक्रवार, सकाळी ६:१५

रविवारी गगनबावड्याला येतोयस का? कळे, साळवण करत सावकाश. पहिल्या सर्व्हिसच्या आत आहेस, इंजिनला ताण नको. मधे ट्रॅक्टर लागणारच, टेस्ट होऊन जाईल.


पंचगंगा_२२
तीन आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री ८:५५

धागा वर काढतोय, माफ करा. माझीही अशीच गाडी, ९०० किलोमीटर. सेम हेलकावे. वाचून ग्रिपची केबल ढिली केली, चांगली सहा-सात मिलिमीटर. काही फरक नाही, उलट वाढलं. बाहेरची ॲक्सेसरी एकही नाही.


इंजेक्टर_१४७
मंगळवार, रात्री ९:१०

सहा-सात फार झालं. आता ग्रिप फिरवली की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम उघडतं, म्हणून वाढलं. मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. मग हँडल दोन्ही टोकांना वळवून आवाज ऐका. चेन चार जागी मोजा. एअर फिल्टर ते थ्रॉटल बॉडी आणि थ्रॉटल बॉडी ते सिलिंडर, दोन्ही रबरी जोडांची क्लिप बोटानं फिरते का बघा. सिलिंडरकडचा जोड सैल असेल तर तिथून न मोजलेली हवा शिरते आणि आयडलही वरखाली होतं. आयडल स्थिर आहे का तुमचं?


पंचगंगा_२२
मंगळवार, रात्री ९:२४

आयडल वरखाली होतंय. गाडी गरम झाल्यावर जास्त.


लेथवरचा_माणूस
मंगळवार, रात्री ९:३१

सिलिंडरकडची क्लिप बघ आधी. गाडी गार झाल्यावर.